पोटातली मंडळी

मंगळवारी दुपारी माझा नवरा, श्रीधर, गेला. मी हॉस्पिटलमधून घरी आले, कोट काढून ठेवला आणि चहा टाकला. त्याला आता काही आठवडे झाले.

आतड्यातल्या जिवाणूंचा अभ्यास करण्यात त्याचं आयुष्य गेलं. आम्ही अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या या गावी आलो तेव्हा तो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत लागला आणि मी ग्रंथालयात. 'जिवाणू' हा शब्द त्याला कोरडा वाटे; तो त्यांना 'मंडळी' म्हणायचा. एकदा इथल्या मराठी लोकांपुढे त्याचं व्याख्यान होतं. "आमच्या मंडळीला रोज डाळ, भाजी, कोंड्यासकट पोळी लागते. नाही दिली की ती बिथरते," असं तो अगदी गंभीरपणे म्हणाला, आणि सगळे माझ्याकडे वळून हसायला लागले. मंडळी म्हणजे बायको, हा जुना अर्थ त्याच्या ध्यानातच नव्हता. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी विचारलं, "आणि मंडळी बिथरली की तुम्ही काय करता हो?" तो म्हणाला, "उसळ करतो." त्यानंतर व्याख्यान काही पुढे सरकलं नाही.

या हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. अँटिबायोटिक्स द्यावीच लागली. छाती मोकळी झाली, पण जुलाब सुरू झाले आणि थांबेनात. मी पलंगाशेजारी बसले होते, तेव्हा वर्गात शिकवावं तसं त्यानं मला समजावलं, की औषधाला आपलं-परकं कळत नाही. न्यूमोनियाच्या जंतूंबरोबर पोटातले चांगले जिवाणूही मेले, आणि मोकळ्या जागेत एक उपद्रवी जात माजली. निरोगी माणसाच्या पोटातले जिवाणू आत सोडायचा उपाय असतो, त्याचीही तयारी चालली होती. पण तोवर त्याचं शरीर थकलं होतं... "माझी मंडळी गेली गं," तो म्हणाला. कोणती, असं या वेळी मी विचारलं नाही. हात धरून बसले.

तो गेल्यावर चहा, टोस्ट आणि पाकिटातल्या सूपवर माझे दिवस निघू लागले. आमची मुलगी मुक्ता फ्रीमाँटहून रोज फोन करते. "आई, डिड यू ईट? प्रॉपर जेवण?" मी हो म्हणायचे. मग ती तिकडे राहायला ये म्हणायची, आणि मी बघू म्हणायचे.

परवा ब्रेड संपला. बाहेर इतका बर्फ होता, की दुकानात जाववेना. कपाटातला मसूर काढून निवडायला बसले आणि त्याचं बोलणं आठवलं. एकाच स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं जेवणाऱ्यांच्या पोटातले जिवाणू हळूहळू सारखे होत जातात, असं तो सांगायचा. आणि त्यांना त्यांचं खाणं मिळालं नाही, तर ते आतड्याचं अस्तरच कुरतडायला लागतात, असंही. या दोन गोष्टी मी आजवर वेगवेगळ्या ऐकल्या होत्या. त्या दुपारी त्या एकत्र ऐकू आल्या. त्याच्यातले गेले, पण त्यांतले काही माझ्यात असणार... आणि त्यांना मी टोस्टवर ठेवलं होतं.

मसूर शिजवला. कोबी परतला, पोळ्या लाटल्या आणि टेबलाशी बसून सावकाश जेवले. मुक्ताचा फोन आला तेव्हा तिनं विचारायच्या आत मीच सांगितलं, "जेवले." मग तिनं मराठीत विचारलं, "काय केलं होतंस?"

फ्रीमाँटला जायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. घरात मी एकटी आहे. दोन्ही वेळा स्वयंपाक करते.