हाताला उरलेलं तेल

ससा ओरडत नाही. कोंबड्या, शेळ्या, शेजारची कुत्री, सगळ्यांशी माझी आयुष्यभर भांडणं झाली, पण भांडायला समोरच्यानं तोंड तर उघडायला हवं. कुहीजवळच्या आमच्या घरामागं शेडमध्ये सशांचे पिंजरे होते, आणि आत गेलं की नुसतं चघळणं ऐकू यायचं. मी पाठ वळवली की तेही थांबायचं. एवढ्या जिवांनी एकदम गप्प व्हावं, हे मला काही बरं वाटत नसे.

ससे आणले माझ्या धाकट्या जावेनं. घरात आम्ही तिघंच. नवरा गेल्यापासून थोरली म्हणून मिरवणारी मी, माझा दीर आणि त्याची ही बायको. माझी एकुलती लेक लग्न होऊन कामठीला गेलेली. धाकटीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. दीर तिला बसनं शहरात, सदर भागातल्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचा. घरी आली की ती चप्पल काढून थेट शेडमध्ये. आधी सशांना चारा, मग आम्हाला चहा. मी तिला खूप टोचून बोलायचे, आणि ती हसायची. आमचं असंच होतं.

पहिल्या हिवाळ्यात सशिणींची पिल्लं धड निघेनात. कागदासारखी पातळ, पोट खपाटीला, दोन दिवसांत गार. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी सशिणींच्या पाठीचे मणके चाचपले आणि म्हणाले, "खुराकात तेलातुपाचं काही जातच नाही आहे यांच्या. गाभण मादीले, पाजणाऱ्या मादीले अंगात थोडा स्निग्धपणा लागते. जवसाचं तेल द्या. पण चमचाभर, अख्ख्या घमेल्याले. जास्त झालं तं आतून चरबी धरते, मग गाभ राहत नाही, राहिला तं मोकळी होताना जीव जाते."

योग असा, की त्याच महिन्यात सदरच्या डॉक्टरीणबाईंनी धाकटीलाही जवस खायला सांगितलं होतं. मग काय, तेलघाणीवरून एकच डबा आला. सकाळी तिच्या भाकरीवर जवसाच्या चटणीसोबत त्या तेलाची धार, संध्याकाळी सशिणींच्या घमेल्यात तीच धार. मी म्हणायचे, "बसली का वं पंगत? तू अन् तुह्या जावा?" तीही म्हणायची, "त्याइले आधी वाढते, जाऊबाई. त्या माह्यापेक्षा मोठ्या हायेत."

चमचा आमच्या घरी पाहुण्यांपुरता निघतो. ती खुराक हातानंच कालवायची, आणि हाताला तेल उरायचं. आमच्याकडे हाताला उरलेलं तेल कोणी धुऊन टाकत नाही. ते पोराच्या टाळूला पुसायचं. मी माझ्या लेकीच्या डोक्याला कितीदा पुसलं असेल. धाकटी ते पांढरीच्या पाठीला पुसायला लागली. पांढरी म्हणजे तिची सगळ्यांत लाडकी सशीण. वयात आलेली, पण अजून नराकडे सोडलेली नव्हती. मानेपासून शेपटीपर्यंत ती सावकाश हात ओढायची, पुन्हा पुन्हा. पांढरी डोळे न मिटता पडून राहायची. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. उलट बरं वाटलं, की हिचा हात कुणाच्या तरी अंगावरून फिरतो आहे.

तेलाचा गुण आला. इतर सशिणींची पिल्लं भरली, त्यांच्या पोटाचे गोल दिसायला लागले. आणि जवसाला निळी फुलं आली त्या सुमाराला धाकटीनं मला चुलीपाशी हळूच सांगितलं, की तिची पाळी चुकली आहे. मला इतका आनंद झाला, की मी तिला रागावलेच. म्हटलं, "मंग वाकून काहून राहिली? ठेव ते घमेलं."

त्याच आठवड्यात पांढरीनं छातीचे केस उपटायला सुरुवात केली.

सशीण विणार असली की स्वतःच्या अंगाचे केस तोंडानं उपटून पिल्लांसाठी घरटं करते. पण हिच्याजवळ नर गेलाच नव्हता. मी दिराला दोनदा विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, तिचा पिंजरा कोनीच उघडत नाही, एक हिच्याशिवाय." तरी पांढरी उपटत होती. लाकडी खोक्यात पांढराशुभ्र ढीग झाला आणि तिच्या छातीची गुलाबी कातडी उघडी पडली. मी खोक्याशी वाकले तर तिनं घशातून गुरगुर केली. लाईट गेलेली होती, पंखा बंद होता, शेडला तट्ट्याचा आडोसा होता. तरी तो ढीग वरखाली होत होता. बारीक, एका लयीत.

मी हात घातला. मनाचा हिय्या केला आणि तळापर्यंत घातला. आत काहीच नव्हतं. ऊब होती. पण बोटांत काहीतरी अडकलं म्हणून ओढलं, तर लांब काळे केस निघाले. बाईच्या डोक्याचे केस.

मी देवभोळी नाही. पण आमच्या आईनं आम्हा बहिणींना लहानपणापासून शिकवलेलं, की फणीत आलेलं गुंतवळ उघड्यावर टाकायचं नाही, ते गोळा करून केसांवर भांडी देणारीला द्यायचं. कुणाच्या हाती लागलं तर करणी करतात. त्यावर मी जन्मभर हसले होते. त्या दिवशी हसू आलं नाही. मी ते केस जिथल्या तिथं ठेवून दिले.

धाकटीला विचारलं, तर ती सहज म्हणाली, "माह्यंच गुंतवळ हाये, जाऊबाई. तिले कमी पडून राहिले होते न केस. मंग म्या टाकले."

"अवं, पन आत हाये काय?"

"येईल न," ती म्हणाली. तिचा एक हात पोटावर होता.

मी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पांढरीचं पोट चाचपलं आणि विचारलं, "हिच्या पाठीवरून कोणी हात फिरवते का?" धाकटी पुढं झाली. ते तिला म्हणाले, "पाठीवर हात फिरला की सशिणीच्या शरीराले वाटते, नर आला होता. मग ती गाभण असल्यासारखी वागते. घरटं करते, दूध पण उतरते. खोटा गाभ म्हणतात याले. तेलानं नाही झालं हे. हातानं झालं. राहील राहील अन् उतरून जाईल."

धाकटी आपल्या तळहाताकडे बघत राहिली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. भीती होती त्यात, पण थोडा अभिमानही होता, हे मला जास्त लागलं. डॉक्टर जाता जाता तपकिरी सशिणीपाशी थांबले. तिचे दिवस भरत आले होते. "हिले फार तेल झालं," एवढंच ते म्हणाले.

मग तो सदरला जायचा दिवस. मशीनवर बघणार होते. दीर आणि धाकटी सकाळच्या बसनं गेले. तिनं माझी पैठणी मागून घेतली होती, आणि मीही न कुरकुरता दिली. घरात मी एकटी. भरदुपारी तांदूळ निवडत होते आणि घरात तान्हं बाळ रडलं.

एकदाच. लांब, चिरकं. मी उठून आतल्या खोलीत गेले, धाकटीची गादी बघितली, मोरीत बघितलं. आमच्या आळीत त्या वर्षी तान्हं बाळ कुणाकडेच नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी वेड्यासारखी घरभर बाळ शोधत होते. मग आवाजाची दिशा आठवली आणि शेडकडे पळाले.

तपकिरी पिंजऱ्यात आडवी पडली होती. ससा ओरडतो. मरताना, आयुष्यात एकदा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. घरटं तिनं केलंच नव्हतं, पिल्लं उघड्या जाळीवर पडली होती. बहुतेक गेलेली. तीन हलत होती. मी ती पदरात घेतली, पोळ्यांच्या डब्यात जुनं लुगडं घालून त्यात ठेवली आणि डबा चुलीच्या राखेशी सरकवला. फोन वाजला. दीर होता.  म्हणाला, "वहिनी, पोटात काही नाही म्हंते. कधी नव्हतंच म्हंते."

ते दोघं उन्हं कलताना आले. मी तिच्यापुढं डबा केला आणि तपकिरी गेल्याचं सांगितलं. तिनं झाकण उघडून पाहिलं. पैठणीतच शेडमध्ये गेली, पिल्लं एकेक करून पांढरीच्या ढिगात चोळली, तिचा वास लागेपर्यंत, आणि तळाशी ठेवून वरून केस ओढून घेतले. पांढरी कोपऱ्यातून बघत होती. गुरगुरली नाही.

सशीण पिल्लांना दिवसातून एखाद वेळी, कुणी बघत नसताना पाजते. सकाळी आम्ही दोघी गेलो. ढीग हलत होता, आणि या वेळी त्याला कारण होतं. धाकटीनं पिल्लू उचलून उजेडात धरलं. पोट टम्म, कातडीतून आतलं पांढरं दूध दिसत होतं. एकाच्या पायाला काळा केस गुंडाळला होता. तो मी शिवणाच्या कात्रीनं कापला आणि म्हटलं, "आता केस नको टाकू वं यात. पाय तुटंल लेकराचा." तिनं मान हलवली.

मग ती तिथंच जमिनीवर बसली. म्हणाली, "तिचंही खोटंच होतं न, जाऊबाई? तिले दूध आलं. तिले लेकरं भेटली. मंग मले काहून नाही?" आणि इतक्या दिवसांचं साठलेलं रडू तिला फुटलं. मी तिच्यामागं बसले. मला तिची फार माया आली. आजवर मी तिला नुसतं बोलतच आले होते.

"पाठीवरून हात फिरवा न माह्या," ती म्हणाली.

मी हात उचलला. खुराक कालवून आले होते, बोटं तेलकट होती. हात तिच्या पाठीपर्यंत गेला आणि थांबला. मी शिकलेली बाई आहे, बाई म्हणजे सशीण नव्हे, एवढं मला कळतं. तरी तिच्या पाठीवर हात टेकवायचं मला धाडस झालं नाही. समोरून पांढरी डोळे न मिटता माझ्या हाताकडे बघत होती.

मी हात वर नेला आणि तेल तिच्या टाळूला पुसलं, लेकीला पुसायचे तसं. तिथून बोटं मानेकडे, अंबाड्याच्या खाली गेली. तिथं केस नव्हते. माझ्या तळहाताएवढी जागा उघडी, गुळगुळीत आणि कोमट होती. फणीत येतं ते गुंतवळ असं एका जागचं नसतं.

 मी तिचाच पदर तिच्या डोक्यावरून ओढून घेतला आणि ती गप्प होईपर्यंत हात तिथंच ठेवला.