भरावाखालचा कंगवा

नेरूळच्या बाजारात वाट्यावर मिळणाऱ्या शिवल्यांच्या शिंपल्यांना मी एकदा साडेसहा कोटी वर्षांचं वय देऊन शाळेच्या काचेच्या कपाटात बसवलं होतं. खाली माझ्या अक्षरात चिठ्ठी होती, ‘प्राचीन सागरी जीवाश्म’. अक्षर खरोखर सुंदर होतं. बाकी सगळं चूक.

परवा माझी नात दहावीच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा धडा घेऊन बसली होती. आजी, तू हे शिकवायचीस ना, मग खरा जीवाश्म कधी हातात घेतलायस का, असं तिनं विचारलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि बंद असलेला गॅस पुन्हा एकदा बंद करून आले. तिला काय सांगायचं ते ठरेपर्यंत इथे लिहून काढते.

लग्न होऊन मी साताऱ्याकडून नव्या मुंबईत आले. आमचे हे वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात एका व्यापाऱ्याचे हिशेब बघायचे आणि मला नेरूळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. बी.एस्सी., बी.एड., केसांत अबोली आणि डोक्यात हवा. आमच्या गावाकडे समुद्र म्हणजे नकाशातला निळा रंग. मासा म्हटला तर ओढ्यातला, तोही कोणी धरला तर. शिवली हा शिंपल्यातला जीव खाडीकाठची माणसं आवडीनं खातात, हे मला ठाऊकच नव्हतं.

नेरूळ तेव्हा अर्धंमुर्धं उभं राहिलेलं. आमच्या शाळेच्या भिंतीपलीकडे एका इमारतीचा पाया खणत होते. एका सकाळी मी भिंतीवरून डोकावले आणि पुस्तकातलं चित्रच समोर दिसलं. वर लालसर मुरूम, त्यात काळ्या दगडाचे तुकडे. त्याखाली एकदम सरळ रेघ मारल्यासारखा राखाडी चिखल, आणि चिखलात पांढरे शिंपले.

मी तिथल्या तिथे हिशेब केला. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. घड्या करून रचलेल्या चादरींत सगळ्यांत खालची चादर आधी ठेवलेली असते, तसंच. काळा दगड म्हणजे सह्याद्रीचा, तो लाव्हा थंड होऊन झाला त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली. म्हणजे त्याच्याखालचे शिंपले त्याहून जुने. गणित सुटलं. गणित इतक्या झटकन सुटलं की प्रश्न परत वाचावा, असं मी मुलांना नेहमी बजावत असे. मला कोण बजावणार?

तासाला सगळा वर्ग खड्ड्याच्या कडेला नेला. माझं व्याख्यान सुरू झालं तशी गावठाणातली काही मुलं तोंडावर हात धरून हसू लागली. ज्ञानाचा आनंद, असं मी समजले. त्यांतच एक मुलगी होती, खाडीकाठच्या आगरी घरातली. वर्गात हात वर करण्यात ती कायम पहिली. तिचा हात खाली असला की मला ती आजारी आहे की काय अशी शंका यायची. ती म्हणाली, “बाई, ह्या शिवल्या हायत. आमी खातो.”

मी कौतुकानं हसले. म्हटलं, शाब्बास, आता बघा, इतक्या कोटी वर्षांत हा जीव जवळजवळ बदललाच नाही. तिची शंका मी जागच्या जागी माझा पुरावा करून टाकली. आज वाटतं, समोर काहीही आलं तरी आपल्या म्हणण्यात बसतंच आहे असं व्हायला लागलं की सावध व्हावं. तेव्हा मात्र मला माझ्याच हुशारीची धन्यता वाटली.

वर्गात परत आल्यावर मी तक्ता लावला. सगळ्यांत खालच्या खडकांत साधे जीव, मग मासे, मग बेडकासारखे पाण्यातून जमिनीवर आलेले, मग सरपटणारे, नंतर सस्तन, आणि माणूस अगदी वर. जगात कुठेही खणलं तरी हा क्रम मोडत नाही. भरात येऊन मी म्हटलं, ज्या थरात अजून मासेसुद्धा नाहीत त्या थरात कोणी सशाचं हाड दाखवलं, तर शास्त्रज्ञांना हा सगळा धडा पुन्हा लिहावा लागेल. आजवर कोणी दाखवलेलं नाही.

हे वाक्य मी आजही मागे घेणार नाही. त्या धड्यातलं सगळ्यांत प्रामाणिक वाक्य तेच होतं. पण ते ऐकून कोणी खरंच खणायला जाईल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी तास सुरू व्हायच्या आधीच टेबलापाशी आली आणि मूठ उघडली. तळहातावर एक गुलाबी प्लास्टिकचा कंगवा, अर्धे दात तुटलेला. खालच्या थरात मिळाला म्हणाली. वरून पडला असेल, मी म्हटलं.

“नाय बाई. शिवल्यांच्या पन खाली होता. मी सोता उपसला.”

मागच्या बाकावरून एकानं विचारलं की लाव्हाच्या आधी कोण भांग पाडत होतं. वर्गात हशा पिकला. हसू माझ्यावर येतंय हे मला कळलं आणि मी ते तिच्यावर ढकललं. तासाचा वेळ फुकट घालवायला काही लोक मुद्दाम कचरा उचलून आणतात, असं सगळ्यांसमोर म्हणाले आणि तिला जागेवर बसवलं. तिच्या नखांत अजून चिखल होता. थट्टा करणारं माणूस एवढं खणत बसत नाही, हे मला दिसत होतं. कंगवा मी पर्समध्ये टाकला. फेकून द्यायचा धीर झाला नाही आणि टेबलावर ठेवायचाही नाही.

पुढचा भाग नैसर्गिक निवडीचा. तो मी डासांवर शिकवायचे, कारण नेरूळमध्ये उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. लोक म्हणतात, डासांना धुराची सवय झाली. मी सांगितलं, सवय नाही. धुरानं जे मरणारे होते ते मेले. ज्यांना तो धूर जन्मापासूनच सोसत होता असे थोडे उरले आणि पुढची पिलावळ त्यांची झाली. डास तोच दिसतो, पण जमात बदललेली असते. इथे कोणीतरी विचारायला हवं होतं की सोसायची ही ताकद त्या थोड्यांत मुळात आली कुठून. हा प्रश्न तिचाच होता. मी खडू हातात धरून थांबले. ती वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत खाली बघत बसली. मी स्वतःच प्रश्न विचारला, स्वतःच उत्तर दिलं, आणि तास संपायची वाट बघू लागले.

असे बरेच दिवस गेले. तो हात वर आलाच नाही. मी तिला मुद्दाम सोपे प्रश्न विचारले, तर ती उभी राहून पुस्तकातलं उत्तर जसंच्या तसं म्हणायची आणि बसायची. इतर बाया म्हणाल्या, बरं झालं, शिस्त लागली.

मग एका रविवारी घराची किल्ली शोधताना ह्यांनी माझी पर्स उपडी केली आणि कंगवा बाहेर आला. हा कोणाचा, असं ह्यांनी जरा वेगळ्याच आवाजात विचारलं. संशय वाढण्यापेक्षा मूर्खपणा परवडला म्हणून मी सगळं सांगितलं. हे शांतपणे ऐकत होते. मी साडेसहा कोटींपर्यंत आले तेव्हा ह्यांनी चष्मा काढला.

“अगं, वर्षभर तू गॅलरीत धुणं वाळत घालत नव्हतीस ते कशामुळे? ते मुरमाचे डंपर काय डायनासोर चालवत होते?”

खाडीची दलदल बुजवायला डोंगर फोडून मुरूम आणत होते, तो रस्ता आमच्या बिल्डिंगखालूनच जात होता. त्या डंपरांच्या धुळीनं मी रोज त्यांच्या नावानं बोटं मोडली होती. ते काय नेतायत आणि कुठे ओततायत याचा विचार माझ्या बी.एस्सी. डोक्यात एकदाही आला नव्हता. थर निसर्गानं रचलेले असतात असं पुस्तकात लिहिलं होतं. पुस्तक लिहिणाऱ्यानं नवी मुंबई पाहिली नव्हती.

सोमवारी शाळा भरायच्या आधी मी खड्ड्याशी गेले आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. वरचे दगड धारदार कडांचे, उलटेसुलटे पडलेले. वाहत आलेला लाव्हा असा ढीग करून थांबत नाही. एका दगडावर सुरुंगासाठी पाडलेल्या भोकाची अर्धी नळी स्पष्ट दिसत होती. खालचा चिखल तर अजून ओला, वास मारणारा. तापलेला लाव्हा त्यावरून गेला असता तर त्याची वीट झाली असती. रोज तव्यावर भाकरी टाकणाऱ्या बाईला एवढं सुचू नये? शिंपल्यांच्या आत अजून चकाकी होती. आणि काही शिंपल्यांच्या दोन झडपा अजून एकमेकींना चिकटलेल्या होत्या, म्हणजे जीव तिथेच आणि अलीकडेच मेलेला.

म्हणजे कंगवा बरोबर जागी होता. चुकीच्या जागी माझी साडेसहा कोटी वर्षं होती. दगड खरंच जुना, चिखल खरंच नवा, फक्त जुन्याला उचलून नव्यावर ठेवणारी माणसं होती आणि त्या माणसांचा पत्ता लागत होता. त्या दिवशी मला तक्त्यातला क्रम नव्यानं पटला. इतक्या ठिकाणी इतक्या लोकांनी खणून तो टिकलाय, तो कोणी बाईंनी सांगितलं म्हणून नाही. अमुक वयाच्या खडकात मासा आणि चतुष्पाद यांच्या मधला जीव असायला हवा, असं आधी ठरवून लोक शोधायला जातात, आणि परांत मनगटासारखी हाडं असलेला मासा त्यांना तिथेच सापडतो. आणि विसंगत काही सापडलंच, तर ते पर्समध्ये टाकत नाहीत.

मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे गेले. शनिवारी शाळेचं विज्ञान प्रदर्शन होतं, संस्थेची मंडळी येणार होती, आणि माझं कपाट दारातच मांडलं होतं. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. शाळेला प्रयोगशाळेची खोली मिळावी म्हणून त्या किती दिवस खेटे घालत होत्या, आणि आपल्या आवारातले जीवाश्म पाहून मंडळी पाघळतील अशी त्यांची आशा होती. त्यांनी मला समजावलं की पाहुण्यांतलं कोणी शिंपले ओळखणार नाही, प्रदर्शन होऊ द्या, मग कपाट आवरून टाका. मुलांना कुठे कळलंय?

एका मुलीला कळलंय, मी म्हटलं. आता मी गप्प बसले तर स्वतःच्या हातानं उपसून काढलेल्या गोष्टीपेक्षा बाईंचं सुंदर अक्षर जास्त खरं असतं, एवढंच ती माझ्याकडून शिकेल. मोठ्या बाईंनी पुढ्यातलं रजिस्टर उघडलं, म्हणजे मी निघावं. खोली त्या वर्षी मिळाली नाही, आणि ते माझ्यामुळे की आणखी कशामुळे, हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही. बरेच दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

मी कपाटातली चिठ्ठी काढली आणि वर्गात गेले. कंगवा टेबलावर ठेवला. सांगितलं की शिवल्या आपल्या खाडीतल्याच आहेत, वरचा मुरूम डंपरनं आणून ओतलेला आहे, आणि हे आपल्याला या कंगव्यामुळे कळलं. खणणारीनं बरोबर खणलं होतं, पाहणारीनं नीट पाहिलं नव्हतं. मग तिच्याकडे बघून म्हटलं, तू खरं सांगत होतीस आणि मी तुला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. एवढं बोलताना माझा आवाज फाटला. मागच्या बाकांनी त्याचीही मजा घेतली.

ती हसली नाही. खिडकीतून बेलापूरकडचा डोंगर दिसतो, तिकडे बघत राहिली. मी पुस्तक उघडून पुढचा धडा वाचायला लागणार, तेवढ्यात तिचा हात वर गेला. एकदम नाही, आधी कोपरापर्यंत, मग पूर्ण. मी मान हलवली तशी ती उभी राहिली.

“बाई, मंग तो डोंगर तरी खरंच जुना हाय, का तो पन कुनी आनून टाकलाय?”