भोपळ्याचं लगीन

निजामाच्या राज्यात मी पुसेगावला नांदायला आले, आणि त्याच साली परसातला भोपळ्याचा वेल रुसला. फुलं ढीगभर, पण इवलाली फळं पिवळी पडून गळायची. सासूबाई म्हणायच्या, "नव्या सुनेचा पायगुण!" मी आपली रोज सकाळी वेलापाशी रडायची.

एकदा मेंढरं घेऊन चाललेली धनगरीण पाणी मागायला थांबली. नाव मी विचारलंच नाही. कपाळभर कुंकू, काखेत कोकरू, आणि वाक्या-वाक्याला टाळी मागायची सवय.

वेल बघून म्हणाली, "मधमाशा काहून न्हाईत?"

"सासूबाईंनी बांधावरचं मोहळ जाळलं. लई चावायच्या."

"मध्यस्थच जाळला, मग सोयरीक जुळवंल कोन गं?" अन् हात पुढं, टाळीला!

तिनं लांब देठाचं एक फूल तोडलं, पाकळ्या सोलल्या. "ह्यो नवरदेव." ज्या फुलाखाली बारका भोपळा होता, त्यात तो अलगद फिरवला. "ही नवरी. म्हण मंगलाष्टकं!"

ती एकेक फुलाचं लगीन लावत गेली, मी ज्वारीच्या अक्षता उधळत सुटले. तेवढ्यात कोकरानं एक नवरदेवच खाल्ला! हसून हसून आमी दोघी वाफ्यातच बसलो. सासूबाई तरातरा आल्या, तर ही म्हणते, "या विहीणबाई, उशीर केला! तुमी मध्यस्थ जाळला, म्हून लगीन आमीच लावलं!"

वेलाला भोपळे धरले. पायगुणाचं नाव कुणी काढलं नाही.

पुढच्या साली बाभळीला मोहळ लागलं. मामंजी पेटती चूड घेऊन निघाले, तर सासूबाई आडव्या आल्या, "खबरदार! आपल्या घरचे मध्यस्थ हायत ते." अन् माझ्याकडं वळून, चक्क टाळी मागितली!