साहेबांसाठी सजवलेला वर्ग

माझे वडील, आमचे आण्णा, मिल्ट्रीतनं हवालदार होऊन गावी परतले ते आवाज तिकडचाच घेऊन आले. म्हशीला हाक मारली तरी शेजारचं पोरगं ताठ उभं राहायचं. त्यांच्यासारखाच तापटपणा माझ्यातही उतरलाय असं आमच्या घरचे म्हणतात. म्हणू देत.

आमचं गाव कडेगावच्या अलीकडं. शाळा सातवीपर्यंतच, पण आसपासच्या गावांत नव्हती अशी एक चीज आमच्याकडं होती, ती म्हणजे स्कॉलरशिपचा तास. चार गावांतली हुशार म्हणून निवडलेली सातवीची नऊ पोरं सकाळी सातला शाळेच्या पडवीत जमायची, आणि त्या तासापुरते जादा नेमलेले एक गुरुजी आमची शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी करून घ्यायचे. नऊ जणांत मी एकटी मुलगी. गुरुजी उत्तर कधी सांगायचेच नाहीत. फळ्यावर गणित लिहायचे, "बसा झुंजत" म्हणायचे आणि तपकिरीची डबी काढायचे. उत्तर चुकलं तर ओरडायचे नाहीत. "ही वाट कुठनं सापडली तुला?" असं खरंच कुतूहलानं विचारायचे. माझी चूकसुद्धा कुणीतरी कान देऊन ऐकतंय, हे मी पहिल्यांदा तिथं अनुभवलं. त्या पडवीतली सकाळ आठवली की अजून जीव हरखतो.

माझी धाकटी बहीण तेव्हा पाचवीत होती. तिला तासाला बसायची मुभा नव्हती, पण ही बया रोज कठड्याला टेकून उभी. आम्ही नऊ जण पेन्सिली चावत असायचो आणि ही बाहेरनं उत्तर फेकून मोकळी. गुरुजी हसून म्हणायचे, "बाई गं, तुझी पाळी दोन वर्षांनी." आणि घरी गेल्यावर मी तिला असा चिमटा काढायची की बास.

माझं सगळं त्या तासावर टांगलेलं होतं. आण्णांनी आईला बजावून ठेवलं होतं, "स्कॉलरशिप घावली तर पोरगी सांगलीच्या बोर्डिंगात राहून म्याट्रिक हुईल. न्हाईतर सातवी बास झाली." सातवी बास झाली म्हणजे पुढं काय, हे आमच्याकडच्या पोरींना फोडून सांगावं लागत नसे.

दुष्काळ सरून वर्षच झालं होतं. दिवाळीनंतर वरनं कागद आला. खर्चाला कात्री लागलीय, सबब जादा गुरुजींची जागा रद्द, महिनाअखेर तास बंद आणि गुरुजींची बदली. त्या दिवशी मी जेवले नाही. आण्णा मात्र भडकले. "कात्री लावाय ह्यास्नी आमचीच पोरं दिसली व्हय?" त्यांनी नऊ पोरांच्या बापांना आमच्या सोप्यात गोळा केलं. त्यात शेजारगावचे एक जैन दुकानदार होते, त्यांचं अक्षर मोत्यासारखं. त्यांनी अर्ज लिहिला, सगळ्यांनी सह्या-अंगठे केले आणि यष्टी धरून मंडळी सांगलीला गेली. तिथले शिक्षणखात्याचे साहेब भले माणूस निघाले. म्हणाले, "मी स्वतः येऊन वर्ग बघतो, मग ठरवू."

झालं! साहेब येणार म्हटल्यावर गावाच्या अंगात आलं. गुरुजी परोपरीनं सांगत होते, "जसं आहे तसं बघू द्या. नऊ पोरांत तीन पुस्तकं, फुटका फळा, बसायला गोणपाट. हेच दिसायला हवं." आण्णा उसळले, "आवं गुरुजी, पाव्हना दारात आल्यावर त्येला फाटकं दावायचं? गावाला काय अब्रू हाय का न्हाई?"

मग पडवीला चुना लागला. दुकानदारांनी घरचं जाजम अंथरलं. सोसायटीतनं खुर्च्या आल्या, कडेगावातनं उसना फळा आला, तिथल्याच हायस्कुलातल्या कुणाकुणाची पुस्तकं मागून आणून आमच्या पुढ्यात रचली. मला चुलतबहिणीचा लग्नातला जरीचा परकर कमरेला पिना मारून नेसवला. धाकटी म्हणाली, "आक्का, नवरदेव कुटं हाय?" साहेबांची जीप आली तशी हलगी कडाडली, लेझीम झालं, फेटा बांधून झाला. साहेबांनी दोन गणितं घातली, ती आम्ही चटाचटा सोडवली. मग पुरणपोळी आणि कटाची आमटी.

जेवून साहेब बोलायला उठले. "इतकं उभारीचं गाव मी पाहिलं नाही. ही बैठक, ही पुस्तकं! जिथं पोरांना बसायला धड जागा नाही अशा गावांकडं आम्हाला आधी बघायला हवं. तुम्ही समर्थ आहात. हा वर्ग तुमचा तुम्हीच चालवाल, याची मला खात्री आहे."

आणि सगळ्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या! आमच्याकडं पाहुणा बोलायचा थांबला की टाळ्या वाजतात, अर्थ मागनं कळतो. जीप फाट्याला लागली तेव्हा कळला. गुरुजी तेवढे हात मागं बांधून उभे होते.

दोन दिवस आण्णा उसनं सामान ज्याचं त्याला पोचवत फिरले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चल. रोजचाच परकर घाल." साहेबांचं ऑफिस सांगलीत विश्रामबागेत होतं. कुणापुढं मान न वाकवणारा माझा बाप टोपी हातात धरून त्या टेबलासमोर उभा राहिला. "साहेब, तुमी बगितलं त्ये सगळं उसनं हुतं. जाजम उसनं, फळा उसना, ह्या पोरीच्या अंगावरचं कापड बी उसनं. आमी पाव्हन्याला दावलं, साहेबाला दावायचं ऱ्हायलं." धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

साहेब हसले, पण वाईट हसले नाहीत. "अहो हवालदार, पोरं तर हुशार आहेत ना? हुशार पोरं कुठंही शिकतात. त्यांना वेगळा तास कशाला?"

आण्णा म्हणाले, "बैल चांगला वढतोय म्हणून त्येची वैरण तोडायची व्हय, साहेब?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग कागद ओढून लिहिलं, परीक्षेपर्यंत गुरुजींना हलवू नये. आण्णांनी असा कडक सलाम ठोकला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. स्टँडवर आम्ही भडंग खाल्लं. आण्णा माझ्याशी इतकं हसून बोलत होते की यष्टी लवकर येऊच नये असं मला वाटत होतं.

मला स्कॉलरशिप मिळाली. मी सांगलीला गेले, शिकले, पुढं नोकरी केली. आणि ही गोष्ट मी आयुष्यभर रंगवून सांगत आले. टाळ्यांपाशी लोक हसतात, बैलापाशी त्यांचे डोळे भरतात.

परवा धाकटीच्या घरी तिच्या नातवंडांना सांगितली. पोरं पोट धरून हसली. ती भाकरी थापत होती. पोरं उठून गेल्यावर म्हणाली, "आक्का, कागदावर परीक्षेपतोरच ल्हिवलं हुतं न्हवं? फुडच्या वर्सांचं कुणी इचारलंच न्हाई?"

नाही विचारलं. नऊ बापांची नऊ पोरं परीक्षेला बसली आणि दुसऱ्या दिवशी तास बंद झाला. गुरुजी बदलीवर गेले. ती सातवीत आली तेव्हा मी विश्रामबागेतच बोर्डिंगात होते, शाळेला जाताना त्या ऑफिसवरनंच जायचे. पुन्हा अर्ज करा म्हणून आण्णांना दोन ओळींचं पत्रसुद्धा मी टाकलं नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही. तिची सातवी बास झाली.

"आण्णांचं ऱ्हाऊ दे," ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. रागानं नाही, सहज म्हणाली. "तू तितं हुतीस न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले. "हुते."