नऊ नंबरचा घरजावई

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मावशी नऊ नंबरच्या टाकीमागे स्टुलावर उभ्या होत्या आणि पाण्यावर वाकून वास घेत होत्या. मत्स्यालयाची दारं उघडायला जवळजवळ चार तास होते. खारट पाण्याचा आणि रबरी नळ्यांचा नेहमीचा वास येत होता, दुसरा कसलाही नव्हता. पण काल दुपारपासून मावशींचा स्वतःच्या नाकावर विश्वास उरला नव्हता.

एकोणीस वर्षांपूर्वी त्या इथे काचा पुसायला लागल्या. आता चार टाक्या त्यांच्या हाताखाली आहेत. त्यांना सगळे मावशीच म्हणतात. संचालकसुद्धा, जे त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठे आहेत.

नऊ नंबरमध्ये एका दगडावर पिवळा स्पंज आहे. त्याला हाताच्या बोटांसारख्या पाच पोकळ नळ्या, मधली सगळ्यांत उंच. त्या नळीत अंगठ्याएवढा एक मासा राहतो. रंगाने काळा, नाकापासून शेपटीपर्यंत एक पिवळी रेघ. स्पंजात वाढणारे बारीक किडे खातो आणि जरा सावली हलली की आत पळतो. त्याचं नाव घरजावई ठेवलं इथल्या पंपवाल्याने. राहायचं सासरी, खायचं सासरचं आणि दारात तोंड काढून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत बसायचं.

स्पंजाला हवा लागू द्यायची नाही, हा इथला पहिला धडा. छिद्रांत एकदा हवा शिरली की ती निघत नाही; स्पंज आतून सडतो; तोंडाची कड आधी पांढरी पडली, तरी खालपर्यंतचं बाहेरून दिसायला तीन-चार दिवस जातात. म्हणून साफसफाईला पाणी उतरवण्याआधी स्पंजाचा दगड आडवा निजवायचा. हे मावशींनी तीन नव्या माणसांना शिकवलंय. काल त्यांनीच तो निजवला नाही.

कारण नळीत अंडी होती. खसखशीएवढी, आतल्या भिंतीला चिकटलेली. पाच दिवस घरजावई दारातून हलला नव्हता; शेपटीने अंड्यांना वारा घालत होता. दगड आडवा केला असता तर तो बिथरून बाहेर पळाला असता, आणि राखणदार गेला की कोळंब्या अंड्यांचा फडशा पाडायला टपलेल्याच. पाणी नळीच्या वर चार बोटं तरी राहील, असा मावशींनी अंदाज केला. तेवढ्यात फोन वाजला. घरून मावशींचे मालक विचारत होते, कपाटाची किल्ली कुठंय? मावशी बोलायला वळल्या. परत वळल्या तेव्हा नळीचं तोंड दोन बोटं पाण्याबाहेर होतं, कोरडं पडत चाललेलं. त्यांनी पाणी उपसणारी रबरी नळी दाबली, भरणारी सोडली. पाणी चढेपर्यंत त्यांनी मनात बारापर्यंत मोजलं.

कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनीही कुणाला सांगितलं नाही.

सहा वर्षांपूर्वी चार नंबरमध्ये असाच एक स्पंज सुट्टीच्या दिवसांत सडून सगळं पाणी नासलं होतं. सकाळी एक्केचाळीस मासे पोट वर करून तरंगत होते. जाळीने ते बादलीत भरले होते मावशींनीच. आणि नऊ, दहा, अकरा या तीन टाक्यांचं पाणी एकच आहे, एका पंपावर फिरणारं. काल रात्री घरी मावशी ताटावरून उठल्या तेव्हा मालकांनी विचारलं, "जेवली का नाहीस?"

"भूक नाही."

"माझ्यावर चिडलीस का? सापडली बाई किल्ली. माझ्याच खिशात होती."

मावशींनी ताट झाकून ठेवलं. रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

साडेसहाला पंपवाला आला. "काय मावशी, भल्या सकाळी जावयाची सरबराई?"

"समजा, एखाद्याच्या हातून नळी हवेत आली..."

"मावशी, 'एखाद्याच्या हातून' म्हणणारा माणूस बहुतेक वेळा समोरच उभा असतो." त्याने हातातला पाना खाली ठेवला. "कधी?"

"काल."

"आणि आज सांगताय? डॉक्टर मॅडमना सांगा. नळी कापून टाकतील."

"आत अंडी आहेत रे."

"अहो, एका जावयापायी सगळं वऱ्हाड बुडवणार का?"

मावशींनी टॉर्च नळीवर धरला. तोंडाशी, डाव्या बाजूला, नखाएवढा भाग पांढुरका दिसत होता. मघाशी तो होता की नव्हता? त्यांनी डोळे मिटून उघडले. डाग तिथेच होता. डागाच्या बोटभर खाली घरजावई तोंड काढून बसला होता.

सातला डॉक्टर मॅडम आल्या. माशांच्या डॉक्टर, वयाने मावशींच्या मुलीएवढ्या. मावशींनी त्यांना पिशवीही खाली ठेवू दिली नाही.

"मॅडम, काल नऊ नंबरची मोठी नळी हवेत आली. माझ्यामुळे. बारा मोजेपर्यंत."

"कालच का नाही सांगितलंत?"

"घाबरले."

मॅडमनी टॉर्च मागून घेतला आणि बराच वेळ पाहिलं. "बुडापासून काढावी लागेल. आत्ताच."

"आत बाप बसलाय."

"दिसतोय. तुम्हीच कापा. तुमच्या हाताची त्याला सवय आहे."

पंपवाल्याने तिन्ही टाक्यांचं फिरतं पाणी बंद केलं. मावशींनी आधी बादली टाकीत पूर्ण बुडवली, मग खांद्यापर्यंत हात घातला. कात्री बुडाशी लावली तेव्हा घरजावई पाऊण अंग बाहेर आला. मावशींनी कात्री तशीच धरून ठेवली. आता पळाला तर अंडी गेली. तो त्यांच्या बोटापाशी क्षणभर थांबला आणि सुळकन मागे, आत गेला. त्यांनी कापलं. नळी पाण्यातल्या पाण्यात बादलीत आली. टॉर्च मारला, तर आत एक डोळा चमकला.

आता ती नळी मागच्या खोलीत छोट्या टाकीत आहे. तिला स्वतंत्र पंप आहे.

"दोन दिवसांत अंडी फुटतील," मॅडम म्हणाल्या. "तोवर नळी टिकायला हवी. पाण्याला वास आला की नळी फेकायची."

"जावयासकट?"

"त्याला वेगळा ठेवू. अंडी जातील."

"आणि राहिलेल्या चार नळ्या? खालपर्यंत पोचलं असेल तर?"

"ते चार दिवस तरी कळणार नाही, मावशी."

वहीत नोंद मावशींनीच केली: उंच नळी हवेत, अंदाजे बारा सेकंद, चूक माझी. खाली सही. दुपारपर्यंत त्या सात वेळा मागच्या खोलीत जाऊन पाण्यावर वाकल्या. सातव्या वेळी त्यांना काहीतरी वेगळं जाणवलं. त्यांनी पंपवाल्याला बोलावलं. त्याने वास घेतला, पुन्हा घेतला आणि म्हणाला, "मला तरी नाही येत." 'तरी' हा शब्द त्यांच्या मनातून दिवसभर गेला नाही.

मोबाइल त्यांनी इथल्या कपाटात ठेवला आहे, किल्ली पंपवाल्याकडे. उद्या सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी छोट्या टाकीतलं अर्धं पाणी बदलायचं आहे. त्यानंतर नऊ नंबरचं पाणी तपासायचं, मग दहा, मग अकरा.