काकांच्या कॉम्प्युटरमधले जुने अपडेट

पुण्यात ‘का’ हा शब्द सर्वांत जास्त कोण वापरत असेल, तर कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत माझ्या बरोबर वरच्या मजल्यावर राहणारे काका. लिफ्ट मधेच अडकली की बाकीचे घाबरतात, काका आतून विचारतात, “का थांबली?” आणि दार उघडल्यावरही उत्तर मिळेपर्यंत बाहेर येत नाहीत. डॉक्टरांनी सकाळची गोळी संध्याकाळी घ्यायला सांगितली, तर गोळीला वेळ कशी कळते यावर त्यांनी डॉक्टरांना असं धरलं, की मागचे पेशंट आत डोकावू लागले. जन्मभर सरकारी कचेरीत नोकरी करून माणसाचं कुतूहल एवढं ताजं कसं राहतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मी आयटीत, त्यामुळे कॉम्प्युटरबद्दलचे सगळे प्रश्न माझ्या वाट्याला. एका शनिवारी ते खाली आले. “अगं, हा म्हणतो जागा संपली. जुने अपडेट काढू का, असं मलाच विचारतोय. काय सांगू त्याला?”

“हो म्हणा, काका. नवे आलेत, आता जुन्यांचं काय काम?”

“असं कसं? नवं परिपत्रक आलं म्हणून आम्ही जुनं फाडत नव्हतो. उद्या नवंच मागे घेतलं तर?”

माझ्याकडून समाधान होईना, म्हणून ते बसने बुधवार पेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, “कॉम्प्युटर तुमचा, अपडेट तुमचे. आम्ही फक्त विकतो.” काकांना हे उत्तर फार आवडलं. माणूस प्रामाणिक आहे, म्हणाले.

खरी पंचाईत काकूंची होती. काकू दर रविवारी त्याच कॉम्प्युटरवरून नागपूरच्या मैत्रिणींना पाली भाषा शिकवतात. सगळ्या साठीच्या पुढच्या. लहानपणापासून पाठ असलेल्या बुद्धवंदनेचा शब्द न् शब्द आता समजून घ्यायचा म्हणून जमलेल्या. जागा संपल्यामुळे वर्ग मधेच गोठायचा आणि एखादी मैत्रीण तोंड उघडं ठेवून पडद्यावर तशीच राहायची. रागावल्या की काकूंची भाषा थेट नागपूरला पोचते. “काहून जपून ठेवता हो हे? हे अपडेट तरी ठेवा, नाही तर मला तरी!” शेवटी काकांनी स्वतः काढलेले, भिंतींतून उगवलेल्या पिंपळांचे शेकडो फोटो पेनड्राइव्हवर हलवले. अपडेटना मात्र हात लावला नाही.

जेमतेम जागा झाली आणि तिच्यात नवा अपडेट येऊन बसला. रविवारी वर्ग सुरू झाला, तर काकूंचा आवाजच पलीकडे जाईना. नागपूरच्या बायका कानाला हात लावून खुणा करत होत्या. मला वर बोलावणं आलं. पाहिलं तर नव्या अपडेटने माइक बंद पाडला होता. तो काढून आधीच्यावर परत जायचं, एवढाच उपाय. आणि जुना जागेवर होता म्हणूनच ते जमलं. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, काकूंचा आवाज नागपुरात पोचला, पलीकडे टाळ्या वाजल्या. आता काका मला खास पुणेरी टोमणा मारणार, म्हणून मी तयारीत उभी होते. पण ते डोळे बारीक करून म्हणाले, “त्याचं माइकशी काय वाकडं होतं गं?”

पुढे दुरुस्त केलेला अपडेट आला. काकांनी काही रविवार त्याची परीक्षा पाहिली आणि एका दुपारी आपणहून मला बोलावलं. “आता जुने काढू. हा नीट चालतोय. परत जायची वेळ येणार नाही.”

मी बटण दाबलं. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. हे आता बराच वेळ चालणार, म्हणून मी उठले, तर पट्टीवरची नजर न काढता काका म्हणाले, “किती वेळ लावतोय बघ. मी रिटायर झालो, तेव्हा माझ्या टेबलाचे खण रिकामे करायला शिपाई आला होता. निरोपाचा चहा संपायच्या आत सगळं मोकळं. एवढं पटकन कसं झालं, कोण जाणे.”

मी पुन्हा खुर्चीत बसले. पट्टी टोकाला पोचली तेव्हा खिडकीतलं ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं होतं, आणि आमच्यापैकी कोणीच जागचं हललं नव्हतं.