समोरचा दात

"डोकं घट्ट धर. हलली तर तुझ्याच मुलीला लागेल."

मॅडम म्हणाल्या आणि मी धरलं. माझ्या अकरा वर्षांच्या प्रज्ञाचं डोकं मी दोन्ही हातांनी धरलं, आणि मॅडमनी चिमट्यानं तिचा वरचा, समोरचा दात उपटला.

शाळेच्या मैदानात पडली होती. दात अर्धा तुटला होता. दुधाचा नव्हे, कायमचा. मी तिला सरळ मुलुंडला मॅडमच्या दातांच्या क्लिनिकवर आणलं, कारण तिथेच मी सात वर्षं कामाला होते. हत्यारं धुवायची, पेशंटच्या गळ्याशी कापड बांधायचं, तोंडातलं पाणी ओढणारी नळी धरायची. कामाला लागले तेव्हा मॅडमनी आडनाव विचारलं. ऐकून जरा थांबल्या. मग हसून म्हणाल्या, "आमच्याकडे जातबीत काही नसतं हं." घरी येऊन मी नवऱ्याला ते कौतुकानं सांगितलं होतं.

त्या दिवशी मॅडमनी एक्स-रे काढला नाही. तोंडात आरसा घालून दोन सेकंद बघितलं. दात वाचेल का, मी विचारलं. काही उपयोग नाही, काढून टाकू, म्हणाल्या. मी मानलं. सात वर्षांत त्यांच्या शब्दावर कधी शंका घेतली नव्हती.

प्रज्ञा हसेनाशी झाली. वर्गाच्या फोटोत ओठ मिटून उभी. उत्तर येत असलं तरी हात वर करेना. मी तिलाच समजावत राहिले. दात गेलाच होता गं, मॅडमनी बघितलं ना.

चार महिन्यांनी क्लिनिकसमोरच्या टॉवरमधली एक मुलगी आली. प्रज्ञाच्याच वयाची, सायकलवरून पडलेली. तोच दात, तसाच अर्धा. मॅडमनी आधी एक्स-रे काढला. स्क्रीनवर मूळ दाखवून तिच्या आईला सगळं समजावलं. रूट कॅनॉल करू, कॅप बसवू, कळणारही नाही. मग म्हणाल्या, "समोरचा दात आहे. मुलीचं अख्खं आयुष्य पडलंय. असा कोणी काढतं का?"

मी नळी धरून उभी. त्या मुलीचं तोंड पाण्यानं भरलं तरी मला हात हलवायचं सुचेना. मॅडम वैतागल्या.

पेशंट गेल्यावर विचारलं, प्रज्ञाचा का काढला? तिची केस वेगळी होती, म्हणाल्या. मी म्हटलं, एक्स-रेच नव्हता, मग वेगळी कशी कळली? त्यांनी मोबाईलवरून नजर उचलली नाही.

"अगं, तुला झेपलं नसतं. आणि तुम्हा लोकांत दाताचं एवढं कोण बघतं? तुमच्या मुलींचं काही अडत नाही त्यानं."

झेपलं नसतं. मला विचारलंच कुठे होतं? मी सरकारी दवाखान्याच्या रांगेत बसले असते. गळ्यातलं विकलं असतं. ते माझं मी बघितलं असतं. त्यांनी माझं आडनाव सात वर्षं लक्षात ठेवलं, आणि त्यावरून माझ्या मुलीला काय पुरे ते ठरवलं.

मी प्रज्ञाचा केसपेपर मागितला. नाहीच, म्हणाल्या. "तू घरचीच ना. तुझा कागद कशाला करायचा?"

घरची. म्हणून कागद नाही. मी एप्रन काढून खुर्चीवर टाकला आणि निघाले. परत गेले नाही.

घरी प्रज्ञाला खरं सांगितलं. ती म्हणाली, "तुला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"सात वर्षं तिथे होतीस ना, आई."

तिनं मला माफ करावं, असं मी म्हणत नाही.

दातांच्या डॉक्टरांच्या कौन्सिलकडे मी माझ्या अक्षरात तक्रार लिहून दिली आहे. पुरावा काय, विचारतात. मी दर महिन्याला त्यांच्या ऑफिसात जाऊन बसते. आणि आमच्या वस्तीत कोणाचा दात दुखला, तर त्याच्यासोबत दवाखान्यात मी जाते. बाहेर थांबा म्हटलं तरी थांबत नाही. आधी एक्स-रे काढा. दात वाचवायला काय काय करता येतं ते सगळं सांगा. कागदावर लिहून द्या. झेपतं की नाही, ते आमचं आम्ही ठरवू.